बाजूलासाहेब

माझ्या लग्नाच्या व्हिडिओत हार घालतानाचा भाग नाही. त्या जागी एक गृहस्थ शिट्टी फुंकत कॅमेऱ्याच्या आडवे येतात, दोन्ही हात हलवतात, आणि मग बराच वेळ नुसतं लॉनचं गवत दिसतं. सासरची मंडळी हा व्हिडिओ अजून हौसेनं पाहुण्यांना दाखवतात आणि गवत आलं की माझ्याकडे बघतात.

ते गृहस्थ आमच्या कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर. नाशिकच्या अंबडला जाड पोलादी प्लेटा कापून, जोडून मोठमोठ्या टाक्या बनवणारा आमचा कारखाना, आणि मी तिथे स्टोअर सांभाळायचे. त्यांचं नाव सांगून उपयोग नाही, कारण ते कारखान्यात कोणी वापरत नसे. क्रेन हलली की ते शिट्टी फुंकायचे आणि ओरडायचे, "बाजूला!" त्यामुळे कामगारांपासून मालकांपर्यंत सगळ्यांसाठी ते बाजूलासाहेब होते. मला वाटतं पगाराच्या पाकिटावर तेवढं खरं नाव असावं.

तर लग्नाचं सांगत होते. माझ्या नवऱ्याच्या मामांनी हौसेनं क्रेन मागवली होती. हल्ली नवरा-नवरीला फुलांनी मढवलेल्या पाळण्यात उभं करून वर उचलतात, खालून धूर सोडतात आणि अधांतरी हार घालायला लावतात. आम्ही दोघं पाळण्यात चढणार एवढ्यात बाजूलासाहेब आहेराचं खोकं काखेत मारून लॉनवर आले. त्यांनी क्रेनकडे पाहिलं, खोकं खाली ठेवलं आणि खिशातून शिट्टी काढली. माणूस लग्नाला शिट्टी घेऊन येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"ऑपरेटर कोण हाय? लायसन दाखव. हिची टेस्ट कधी झाली?"

मामा पुढे झाले. "अहो, आहेर द्या आणि जेवायला बसा. जिलबी गरम आहे."

जिलबीचं नाव ऐकून साहेब क्षणभर विरघळले, हे मी पाहिलं. पण क्षणभरच. "मामासाहेब, माणसं उचलायची क्रेन वेगळी, माल उचलायची वेगळी. ही मालाची हाय. नवरी माल हाय का?"

या प्रश्नाला भर मांडवात हो म्हणायची कोणाची छाती होईना. आम्ही जमिनीवर उभं राहून हार घातले, पण तोवर कॅमेरावाला शिट्टीला घाबरून गवताचं चित्रण करत होता. आहेराच्या खोक्यात दोन हेल्मेटं निघाली. मामा त्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलतात, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल मी साहेबांची आभारी आहे.

ते स्वतः कधी कशाखालून गेले नाहीत. कारखान्यात सगळे मधून जायचे, हे भिंतीला धरून. क्रेन बंद असली, वीज गेलेली असली, तरी भिंतीनंच. रस्त्यात नारळाचं झाड दिसलं की फूटपाथ बदलायचे. मे महिन्याच्या उन्हात हायवेवरच्या फ्लायओव्हरखाली सगळे दुचाकीवाले सावलीत दाटीवाटीनं सिग्नलची वाट बघत असतात, हे मात्र मागे, रणरणत्या उन्हात, स्कूटरवर एकटे. मी एकदा म्हटलं, "साहेब, अहो तो पूल आहे."

"लोडच हाय तो, मॅडम. फक्त अजून उतरवलेला नाही."

माणूस शहाणा होता असं मी म्हणणार नाही. एकदा क्रेनच्या गर्डरवर कबुतरानं घरटं केलं तर यांनी खाली चौकोनी दोरी बांधून तिथलं काम थांबवलं. अंडं पडलं तरी ती पडणारी वस्तूच, असं त्यांचं म्हणणं. पिल्लं उडून जाईपर्यंत प्रॉडक्शन मॅनेजर त्या दोरीला वळसा घालून जात होते आणि जाताना दरवेळी काहीतरी पुटपुटत होते. शिवाय हेल्मेट डोक्यावरून काढलं म्हणून लोकांना झापणारा हा माणूस कॅन्टीनमध्ये स्वतःचं हेल्मेट उलटं करून त्यात जिलबी घेऊन बसायचा. जिलबी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नाशकात मिसळीबरोबर जिलबी खाणारे पुष्कळ आहेत, पण जिलबीबरोबर तोंडी लावायला मिसळ मागवणारे मी एवढेच पाहिले. पाक हेल्मेटच्या पट्ट्याला लागायचा आणि दुपारभर त्यांच्या कानाभोवती माश्या असायच्या.

डाव्या हाताची दोन बोटं त्यांना नव्हती. नवे कामगार भरती झाले की साहेब त्यांना माझ्या स्टोअरच्या खिडकीसमोर उभं करत आणि तो हात वर धरून बोटांची कहाणी सांगत. मी आत बसून ऐकायचे. कधी बोटं लोखंडी साखळी आणि हुकाच्या मध्ये गेलेली असत, कधी गिअरबॉक्स निसटून खाली आलेला असे, कधी मित्राला ओढता ओढता प्लेट हातावर बसलेली असे. त्या मित्राच्या गोष्टीत ते एकदा रडलेसुद्धा. पोरं पांढरीफटक पडायची, आणि पुढे महिनोन् महिने क्रेन हलली की न सांगता भिंतीला चिकटायची.

शेवटी न राहवून मी विचारलं, "साहेब, बोटं तर दोनच होती ना? मग गोष्टी इतक्या कशा?"

ते जराही ओशाळले नाहीत. "खरी गोष्ट सायखेड्याची हाय, मॅडम. आमच्या गोठ्यातली. शाळेत होतो, कडबाकुट्टीत हात गेला. आता ते सांगून इथं कोणाचं बोट वाचणार? इथं कडबा कोण कापतो?"

"म्हणून खोटं सांगायचं?"

"सांगायचं तर नीट सांगायचं. मध्येच हसायचं नाही, आणि मागाहून कोणापाशी कबूल करायचं नाही."

"मग माझ्यापाशी कसं केलंत?"

"तुम्ही कुठं क्रेनखाली येता," ते म्हणाले आणि शिट्टी फुंकत निघून गेले.

अपघाताच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवला होता की माझ्या मुलीलाही पाठ आहे. काही पडलं, कोणाला लागलं, तर आधी माणूस हलवायचा. पण वस्तू हलवायची नाही. तुटलेला बेल्ट, सांडलेलं तेल, वाकलेला खिळा, सगळं जिथल्या तिथे राहू द्यायचं. चूक कुठे झाली ते वस्तू सांगतात, माणसं सांगत नाहीत, असं ते म्हणत.

आता माईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. माई म्हणजे मालकांच्या आई. थोरल्या साहेबांनी, म्हणजे माईंच्या यजमानांनी, एका पत्र्याच्या शेडमध्ये हा कारखाना सुरू केला तेव्हा क्रेन वगैरे काही नव्हतं. तीन पाइपांच्या तिवईला चेनपुली टांगून माल उचलत. एके दिवशी लोड सुटला, आणि खाली थोरले साहेबच होते.

त्यानंतर दर खंडेनवमीला माई कारखान्यात यायच्या. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, काम नसतं. सगळ्या मशिनींना झेंडूचे हार पडत, पण क्रेनची पूजा माई स्वतः करत. हुक त्यांच्या छातीइतका खाली आणून ठेवलेला असे. त्याला हळदकुंकू लावून, हार घालून त्या लाल-पिवळा दोरा गुंडाळायच्या. वेढ्यावर वेढे. ओठ सारखे हलत असत. ज्या हुकानं नवरा नेला त्याच जातीच्या हुकाला ही बाई हात जोडून काय मागत असेल, ते कोणाला विचारावं लागत नसे.

अडचण दोऱ्याचीच होती. हुकाच्या तोंडाला एक लहानशी पट्टी असते, लॅच म्हणतात तिला. आत दाबली की उघडते, सोडली की स्प्रिंगनं आपोआप मिटते. हुकात अडकवलेला, माल उचलायचा बेल्ट निसटू नये म्हणून ती असते. माईंचा दोरा बरोबर तिच्यावरून जायचा आणि ती आत दाबलेलीच राहायची. म्हणजे लोड पडू नये म्हणून बांधलेल्या दोऱ्यानं हुकाचं तोंड उघडं राहत होतं.

दसरा झाला, कारखाना उघडला, की बाजूलासाहेब सगळ्यांच्या आधी यायचे, दोरा गाठ न गाठ सोडवायचे आणि क्रेनच्या शिडीला नीट बांधून ठेवायचे. कात्री कधी लावली नाही. तरीही कामगारांत कुजबुज होतीच. हा माणूस देव मानत नाही, माईंच्या दोऱ्याला हात लावतो. खरं म्हणजे त्यांच्या कपाळाचं गंध कधी चुकलं नाही. क्रेन चालवणाऱ्या रफीकभाईंनी एकदा त्यांना तोंडावर विचारलं, "साहेब, लोक बोलतात, तुमचा भरोसा नाय का त्याच्यावर?"

"भरोसा हाय ना. पण म्हणून त्याच्या अंगावर लोड टाकायचा का?"

माईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षातून एकदा येत आणि हुकाला दोरा बांधला की वर्षभर शांत झोपत, एवढं आम्हाला मालकांकडून कळायचं.

मग कारखान्यात नवी, मोठी क्रेन आली. त्या खंडेनवमीला पूजा झाली, आरती झाली, आणि माई म्हणाल्या, "नव्या क्रेननं पहिला लोड माझ्यासमोर उचला."

एरवी या दिवशी काही उचलत नसत. पण माईंना नाही कोण म्हणणार? रफीकभाईंनी एका प्लेटेखालून दोन बेल्ट घालून त्यांची टोकं हुकात अडकवली. पूजा म्हणून सगळ्यांचे बूट दाराशी होते. बाजूलासाहेबही अनवाणी होते. मी हळदकुंकवाचं तबक धरून माईंच्या शेजारी उभी होते, म्हणून पुढचं बोलणं मला ऐकू आलं.

साहेब अगदी हळू म्हणाले, "माई, एवढा लोड उचलेपर्यंत दोरा काढून ठेवू का? लगेच परत बांधू."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "राहू दे रे. यांच्या वेळी बांधला नव्हता."

साहेबांचा हात हुकापर्यंत गेला होता. तो तिथून परत आला. ज्या माणसानं माझ्या मामेसासऱ्यांची, प्रॉडक्शन मॅनेजरची, मालकांची कधी पत्रास ठेवली नाही, तो या एका वाक्यापुढे मागे सरला. मीही सरले असते.

मग ते नेहमीच्या दुप्पट ओरडले. "बाजूला! अजून मागं! भिंतीपर्यंत!" सगळ्यांना रेटत रेटत त्यांनी मोठं रिंगण केलं. रफीकभाईंना म्हणाले, "एक वीत उचल. तेवढंच. आणि लगेच ठेव." प्लेट वीतभर उचलली, लाकडी ठोकळ्यांवर परत टेकली. टाळ्या झाल्या. साहेबांनी श्वास सोडलेला मी पाहिला.

तेवढ्यात मालक मोबाइल घेऊन पुढे आले. "रफीकभाई, अजून एकदा घ्या वर. फोटो हलला." आणि त्याच वेळी माई माझ्या तबकातून कुंकू घेऊन प्लेटेला लावायला निघाल्या.

प्लेट टेकली तेव्हा बेल्ट सैल पडले होते, आणि त्यातल्या एकाचं टोक हुकाच्या उघड्या तोंडातून सरकून अगदी काठावर आलं होतं. हे मला मागाहून समजलं. साहेबांनी ते तेव्हाच पाहिलं. रफीकभाईंनी बटण दाबलं होतं. "बाजूला!" एवढंच ऐकू आलं आणि माई माझ्या अंगावर येऊन आदळल्या, तबक उडालं, आणि प्लेटेचं एक टोक खाली आलं. माईंना साहेबांनी ढकललं होतं, पण ढकलण्यासाठी टाकलेलं त्यांचं पाऊल प्लेटेखालीच राहिलं.

रफीकभाईंनी आणि वेल्डरांनी प्लेट उचलून त्यांचा पाय काढला. माईंना मालकांनी ऑफिसात नेलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत साहेब भिंतीला टेकून बसले होते, घामानं निथळत, आणि रफीकभाईंना खुणेनं जवळ बोलावत होते.

"रफीक, हुक खाली घे. दोरा सोड. शिडीला बांध."

"साहेब, तुम्हीच बोलता ना, काही हलवायचं नाय..."

"सोड म्हणतो ना! कोणी यायच्या आत सोड."

रफीकभाईंनी हुक खाली घेतला, पण दोऱ्याला हात लावेनात; गाठी मीच सोडवल्या. मला साहेबांचा भयंकर राग आला होता. आयुष्यभर आम्हाला एक नियम घोकायला लावला आणि स्वतःच्या पायावर आल्यावर पहिल्यांदा तोच मोडला.

चौकशीत त्यांनी सांगितलं की मी लोडच्या फार जवळ गेलो, बूट घातले नव्हते, चूक माझी. रफीकभाईंचं नाव नाही, मालकांच्या फोटोचं नाही, दोऱ्याचं तर नाहीच. जन्मभर दुसऱ्यांना बाजूला सारणारा माणूस स्वतः बाजूला झाला नाही, असं कागदावर आलं आणि सगळ्या अंबडभर झालं. लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते.

अर्धं पाऊल कापावं लागलं. माई दवाखान्यात भेटायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्या पायाकडे बघून रडायला लागल्या. "माझ्यापायी गेला रे तुझा पाय."

"छे हो माई. जखम एवढीशी होती. पण रक्तात साखर निघाली. साखरेनं भरेना, म्हणून कापला. तुमचा काय संबंध?"

त्यांच्या रक्तात साखर नव्हती. रिपोर्ट मीच आणून त्यांच्या उशाशी ठेवले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी तो तीन बोटांचा हात चादरीवर जरासा हलवला, आणि मी ते रिपोर्ट उशीखाली सरकवले.

माईंनी डोळे पुसले. "पण बघ, एवढं वजन पडलं तरी कोणाचा जीव गेला नाही. दोरा होता म्हणून."

"म्हणून तर," साहेब म्हणाले.

त्या गेल्यावर मी त्यांना खूप बोलले. म्हटलं, पुढच्या वर्षी त्या दुप्पट दोरा बांधतील, मग? कारण लपवलंत, आता दुसरं कोणी त्याखाली सापडलं तर? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर्ष हाय ना अजून. मला जरा विचार करू द्या."

पुढच्या खंडेनवमीला ते सायखेड्याहून रिक्षा करून आले. नोकरी संपली होती; आता ते गावीच राहत होते. काखेत कुबडी, कपाळाला गंध. माईंच्या हातात खरंच दुप्पट दोरा होता. त्यांनी हुकाकडे हात नेला तसे साहेब म्हणाले, "माई, एक सांगू? हुक म्हणजे क्रेनचा पाय. देवाचा दोरा कोणी पायात बांधतं का? हे वर हाय ना, हुकाच्या वरचा ठोकळा, ते हिचं कपाळ. तिथं बांधा."

माई थबकल्या. "इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"मला पण यंदाच सुचलं, माई."

माईंनी दोरा वर बांधला. ठोकळ्याला, वेढ्यावर वेढे. खाली रफीकभाईंनी लॅच दाबून सोडली, ती टक्कन मिटली, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून मान फिरवली. मला रडू येत होतं, आणि साहेब मात्र भिंतीला धरून, कुबडी टेकत, क्रेनला वळसा घालून चालले होते. तेव्हापासून दोरा दरवर्षी तिथेच बांधतात. नवीन लोकांना वाटतं ही थोरल्या साहेबांच्या काळची रीत आहे.

प्रसादाला जिलबी होती. माईंनी स्वतः ताट फिरवायला घेतलं आणि साहेबांपाशी आल्यावर चटकन मागे ओढलं. "याला कोणी देऊ नका रे. साखर आहे त्याला." त्यांच्यासाठी त्यांनी घरून चार काकड्या आणल्या होत्या, सोलून, मीठ लावून. साहेबांनी सगळ्यांच्या देखत त्या शेवटपर्यंत खाल्ल्या.

निघताना फाटकापाशी नव्या भरतीच्या पोरांनी त्यांना गाठलं. साहेबांच्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांतल्या एकानं पायाकडे बघत विचारलं, "सर, हा पण क्रेननंच गेला का?"

आता मी कान टवकारले. जन्मभर बोटांवर क्रेनच्या खोट्या गोष्टी रचणाऱ्या माणसाजवळ पहिल्यांदाच एक खरी होती, आणि ऐकायला पोरं समोर उभी होती.

"नाय रे," साहेब म्हणाले. "साखरेनं गेला. गोड खाऊ नका लय."

पोरांची निराशा झाली. ती पांगल्यावर मी पदराआडून जिलबीची पुडी काढली. प्रसादातली राखून ठेवली होती, अजून कोमट होती. माई आत होत्या, फाटकाशी आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मी पुडी उघडून पुढे केली. म्हटलं, "घ्या साहेब. कोणी बघत नाही."

त्यांनी जिलबीकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं. मग तो तीन बोटांचा हात वर केला आणि अगदी हळू म्हणाले, "बाजूला."